ट्रॉलीत बारा बाया, आरसीवर एक सीट

सोयाबीनची काढणी जोरात आहे, म्हणून पाच-सहा दिवस काही लिहिता आलं नाही. उताऱ्याचं आणि ओलाव्याचं सवडीनं लिहीन. आज विषय वेगळा आहे आणि जरा कडक बोलणार आहे. ज्याला राग येईल त्यानं फोन करून भांडावं, मी घरीच आहे.

आमच्या फाट्यावर सकाळी तासभर उभं राहा. ट्रॅक्टर मोजा आणि ट्रॉलीत बसलेल्या बाया मोजा. एकेका ट्रॉलीत दहा-बारा, कडेला दोन पोरी पाय सोडून बसलेल्या, मडगार्डवर एक गडी, दुसऱ्या मडगार्डवर मालकाचा भाऊ. आता त्याच ट्रॅक्टरचं आरसी बुक काढून बघा. बसायची क्षमता लिहिलेली असते एक. म्हणजे फक्त ड्रायव्हर. बाकीचे सगळे कागदाच्या हिशेबात त्या ट्रॅक्टरवर नाहीतच.

या माणसांचं काय, असं आपल्याकडं विचारलं की उत्तर ठरलेलं. "इन्शुरन्स हाय की!" कसला आहे, कुणासाठी आहे, ट्रॉलीचा आहे का, विचारायची सोय नाही. आणि ज्याचा नाही तो म्हणतो, "पोलिसानं धरलं तर बघू, पोलिसासाठीच असतंय ते."

मला राग येतो तो या वाक्याचा. पोलिसाचा दंड किती? विनाविमा गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ प्रमाणं पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००. तीन महिन्यांपर्यंत कैदही कायद्यात आहे, पण आपण धरतो ती दंडाचीच भीती. दोन हजाराला माणूस भितो आणि वीस लाखाला भीत नाही. कारण वीस लाखाचा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवलेलाच नसतो. तर मी मांडतो.

समजा ट्रॉलीतून पडून एक बाई गेली. वय ३२. रोज ४०० रुपये, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे कमाई १०,०००. घरी नवरा, दोन लेकरं, सासू, असे चार जण तिच्यावर अवलंबून. मोटार अपघात दाव्याचं कोर्ट नुकसानभरपाई कशी काढतं हे सुप्रीम कोर्टानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलंय. चाळीसच्या आतलं, पक्की नोकरी नसलेलं माणूस असेल तर पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के वाढवायचे. झाले १४,०००. वर्षाचे १,६८,०००. तिचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १,२६,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक आहे १६. झाले २०,१६,०००. घरच्यांच्या दुःखाचे, अंत्यविधीचे वगैरे वेगळे. ते धरून बावीस लाखांच्या पुढं जातं, आणि दावा लावल्या दिवसापासूनचं व्याज त्याच्यावर.

हे पैसे कंपनीनं द्यायचे की तुम्ही, एवढाच प्रश्न उरतो. तुमच्यावर आले आणि भरले नाहीत तर काय होतं? कलम १७४. कोर्ट कलेक्टरकडं दाखला पाठवतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. तलाठी येतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो, पुढं लिलावाची नोटीस. आमच्या पाहुण्यांच्या गावात हे झालंय. कालव्याच्या वळणावर ट्रॉली उलटली. हेडचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. मालक चार एकराचा माणूस. आता त्या चार एकरावर त्याला सोसायटीसुद्धा कर्ज देत नाही. आणि जी बाई गेली तिच्या लेकरांनाही अजून धड काही मिळालं नाही, कारण चार एकरवाल्याकडून निघणार किती? दोन्ही घरं बुडाली. ट्रॉलीचे पैसे वाचवले होते, बस.

आता थर्ड पार्टी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कायद्यानं सक्तीचा आहे तो एवढाच, कलम १४६ प्रमाणं. थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या माणसाला, सायकलवाल्याला, दुसऱ्याच्या गाडीला लागलं तर त्याची भरपाई. तुमचा ट्रॅक्टर मोडला, जळला, चोरीला गेला, तर त्यात एक रुपया नाही. तुम्हाला स्वतःला लागलं तर नाही. आणि मडगार्डवर नाहीतर ट्रॉलीत बसलेला माणूस आपोआप तिऱ्हाईत ठरत नाही. इथंच सगळा घोळ आहे.

२००७ साली सुप्रीम कोर्टात एक प्रकरण होतं. माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, पण शेतीकामासाठीचा. माती चालली होती वीटभट्टीला. ट्रॉलीचा विमा नव्हता. कोर्टानं सांगितलं, कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब म्हणून आपला खास अधिकार वापरून कोर्टानं कंपनीला पैसे द्यायला लावले, पण मालकाकडून वसूल करायची मुभा देऊन. वकील याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. मजुराच्या हातात पैसे पडतात, बरंच आहे, पण शेवटी येतं मालकाच्या जमिनीवर. आणि असा हुकूम प्रत्येक वेळी होतोच असंही नाही.

म्हणून पॉलिसीच्या कागदावर तीन ठिकाणं बघा. पहिलं, ट्रॉलीचा नंबर आहे का. ट्रॉलीचं पासिंग वेगळं, नंबर वेगळा, विम्यात तिचे पैसेही वेगळे. दोन ट्रॉल्या ओढत असाल तर दोन्ही पाहिजेत. दुसरं, 'वापराची मर्यादा' असं इंग्रजीत एक कलम असतं, बारीक अक्षरात. शेतीकामासाठी, भाड्यानं नाही, अशा अर्थाचं काहीतरी तिथं लिहिलेलं सापडेल. आता आपण काय करतो बघा. सोयाबीन झालं की कारखान्याला ऊस, उन्हाळ्यात विटा आणि मुरूम, लगीनसराईत वऱ्हाड, आषाढीला दिंडीचं सामान आणि सामानावर माणसं. कागद एक, धंदे पाच. भाड्यानं वाहतूक करायची असेल तर तसा विमा आणि तशी नोंदणी घ्या, पैसे जास्त जातील. भाडं घेताना आपण कमी घेतो का? तिसरं, ड्रायव्हर आणि मजुरांसाठी जादा हप्ता लावलाय का. माझ्या कागदावर पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचे ५० रुपये लावलेले दिसतात. पन्नास! एवढ्यासाठी कुणी मागत नाही आणि विकणारा सांगत नाही.

विकणाऱ्यांवर आता येतो. नवा ट्रॅक्टर घेताना शोरूमवाला फाईल हातात देतो, "सगळं फुल केलंय काका." फुल म्हणजे काय ते शोरूमवाल्यालाही सांगता येत नाही. पहिल्या वर्षी बँक मागं लागते म्हणून विमा असतो, पुढं कर्ज फिटेल तसा कागद वाळत जातो. मी गेल्या साली तालुक्याला एकाकडं नूतनीकरणाला बसलो होतो. त्यानं दहा मिनिटांत मोबाईलवर पीडीएफ टाकली. ट्रॉलीचा नंबर कुठाय विचारलं. म्हणाला, "काका, ट्रॉलीचं कुणी बघत नाही." म्हटलं, कोर्ट बघतं. दीड तास बसून घातला नंबर. त्याला कमिशन चार पैसे जास्तच मिळालं असणार, तरी तोंड वाकडं. कारण त्याला विमा विकायचा नव्हता, स्वस्तात कागद काढून द्यायचा होता. गिऱ्हाइकही तेच मागतं, हेही खरं.

थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखा. तिथं घासाघीस करून काही सुटत नाही. कुणी फारच स्वस्तात देत असेल तर तो काहीतरी कमी घालतोय, नाहीतर कागद खोटा आहे. पॉलिसीचा नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघायला पोराला सांगा, दोन मिनिटं लागतात.

आता कृषी खात्यातल्या आणि कंपन्यांच्या साहेब लोकांना एक शब्द. रागावू नका. तुम्ही शिवारफेरी काढता, पीक प्रात्यक्षिक ठेवता, आणि शेतकरी न्यायला काय असतं? ट्रॉली, वर ताडपत्री, पुढं बॅनर. फवारणी करताना हातमोजे घाला, मास्क लावा म्हणून आम्हाला तासभर सांगता, बरोबरच सांगता. मग त्याच कार्यक्रमाला चाळीस माणसं अशा वाहनात भरता ज्याच्या कागदावर एक सीट आहे? पुढच्या वेळी खर्चाच्या अंदाजात एका मिनीबसचं भाडं धरा.

मला माहीत आहे, आता कोण काय म्हणणार. "मग काय बाया सहा किलोमीटर चालत येणार का?" प्रश्न रास्त आहे. मी काय करतो सांगतो. प्रवासी परवान्याची रिक्षा नाहीतर जीप सांगतो, बसतील तेवढ्याच माणसांची, लागल्या तर दोन खेपा. बाया मजुरीशिवाय रिक्षाचं भाडं वेगळं मागतात तेव्हा आपण बांधावर उभं राहून कुरकुर करतो, पण ते भाडं म्हणजेच त्यांचा विमा आहे. प्रवासी गाडीतल्या प्रवाशाची जोखीम त्या गाडीच्या पॉलिसीत असते. एकराला किती पडतं ते मी काढलंय. तणनाशकाच्या अर्ध्या फवारणीएवढंही पडत नाही.

तरीही सगळा दोष शेतकऱ्याचा असं मी म्हणणार नाही. सुगीत अर्धा महाराष्ट्र ट्रॉलीत बसून कामाला जातो हे सरकारला दिसत नाही का? कागदावर एक सीट लिहायची आणि डोळे मिटायचे. मजुरांसाठी हंगामापुरतं, ट्रॅक्टरच्या पॉलिसीलाच जोडून घेता येईल असं सरळ संरक्षण काढा, दर जाहीर करा, आणि पॉलिसी मराठीत द्या. ज्या कागदावर माझी जमीन टांगलेली आहे तो मला वाचता येऊ नये, हा कुठला न्याय? शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, दोन लाखांची. चांगली आहे. पण ती सातबारावाल्याच्या घरासाठी. जिचा सातबाराच नाही त्या बाईचं काय? तिच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होतो, दोन लाखांचा, वय १८ ते ७० मध्ये पाहिजे. तुमच्याकडं कायम येणाऱ्या बायांचा तेवढा तरी बँकेत जाऊन करून द्या. त्यानं तुमची जबाबदारी सुटत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पिकअप आणि छोटा हत्तीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. कांदा घेऊन मार्केटला जाताना मालाचा मालक केबिनमध्ये बसला तर त्याची जोखीम पॉलिसीत येते. पण वाटेत हात दाखवला म्हणून मागं बसवलेली चार माणसं येत नाहीत. सुप्रीम कोर्टानं हे २००२ लाच स्पष्ट केलंय. वीस रुपये घेतले काय न घेतले काय, फरक पडत नाही.

आता घरातली गोष्ट. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे? बहुतेक ठिकाणी बापाच्या, कारण जमीन त्याच्या नावावर, कर्ज आणि अनुदान त्याच्या नावावर. बाप पंचाहत्तरचा, लायसन कधी काढलंच नाही. चालवतो पोरगा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ज्याच्या नावावर आरसी आणि ज्याच्याकडं लायसन त्यालाच. बापाकडं लायसन नाही म्हणून बापाला नाही. पोरगा मालक नाही म्हणून पोराला नाही. आणि पोरगा बापाच्या गाडीचा तिऱ्हाईत म्हणून दावा करायला गेला तर तिथंही अडचण. मालकाकडून मागून घेतलेली मोटरसायकल चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं धरलंय. म्हणजे घरात ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त बसणारा माणूस सगळ्यात उघडा. उपाय अवघड नाही. पोराच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढा, नाहीतर गाडीच त्याच्या नावावर करा.

लायसनबद्दल एक बरी बातमी आहे. हलक्या वाहनाचं लायसन असलेला साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडीही चालवू शकतो, हे ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं कायम केलं. ट्रॅक्टर हलक्या वाहनातच मोडतो आणि मागं ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन बाद होत नाही, हेही जुन्या निकालात आलेलं आहे. पण लायसन तर पाहिजे! दहावीतलं पोरगं ट्रॅक्टर नेतंय याचं कौतुक सांगणारे बाप मला रोज भेटतात. १८ च्या आतला चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. आणि अपघात झाला तर कंपनीला हात झटकायला याच्यापेक्षा सोपं कारण दुसरं नाही.

जुनी गाडी विकणाऱ्यांना तर मी हात जोडतो. शंभराच्या बॉण्डवर लिहून दिलं, दोन साक्षीदार, चहा झाला, गाडी गेली. आरसी तुमच्याच नावावर. मग ती गाडी तिसऱ्याला, तिसऱ्याकडून चौथ्याला. चौथ्यानं कुणाला तरी उडवलं, विमा संपलेला. नोटीस कुणाला? २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं नेमक्या अशाच साखळीच्या प्रकरणात सांगितलं, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाई त्याच्याकडून. तुमचा बॉण्ड कोर्टात दाखवून उपयोग नाही. आरसी नावावर करून घेतल्याशिवाय चावी देऊ नका, मग समोरचा सख्खा मेहुणा का असेना. घेणाऱ्यानंही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं.

मोटरसायकलचं थोडक्यात सांगतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं कुणी कागद बघत नाही आणि सहाव्या वर्षी संपलेला असतो, हेही कुणी बघत नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला जून २०२२ च्या दरानं वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. हजार ते दीड हजार सीसीच्या कारला ३,४१६. आणि ते "नव्वद दिवस चालतंय" म्हणतात ना, ती मुदत फक्त नो क्लेम बोनस टिकायची आहे. विमा संपल्या रात्री बारा वाजल्यानंतर अपघात झाला तर विमा नाही, विषय संपला.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला पॅकेज म्हणतात, तो सक्तीचा नाही. माझं मत विचाराल तर कर्जाचा नवा ट्रॅक्टर असेल तर घ्या. कडब्याची ट्रॉली विजेच्या तारेला लागून पेटलेली मी पाहिलीय, हेडही गेलं होतं. बारा वर्षांच्या जुन्या ट्रॅक्टरला कंपनी किंमतच एवढी कमी धरते की तिथं नुसता थर्ड पार्टी पुरे. वाचलेले पैसे ट्रॉलीच्या विम्याला आणि मागच्या रिफ्लेक्टरला घाला. उसाची बिनदिव्याची ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी करणारा माणूस कुठल्या विम्याच्या भरवशावर झोपतो, मला कळत नाही.

रविवारी बाजार करून आलो की दुपारी चारनंतर मी मारुतीच्या पारावर असतो. आरसी, ट्रॉलीचे कागद आणि पॉलिसीची झेरॉक्स घेऊन या. पोराला सोबत आणा, इंग्रजी त्याला वाचू द्या. विम्याचा फोटो मोबाईलवर पाठवू नका, बारीक अक्षर मला दिसत नाही.